आमच्या वाड्यातले एक गृहस्थ

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फोनवर सांगितलं, "तू नाटकवेडा आहेस, नाटकावर बोल. पण हलकंफुलकं बोल, आणि दहाच मिनिटं. दहा मिनिटांनी घंटा वाजवू." मी म्हटलं, आमच्यात तीन घंटा झाल्याशिवाय काही सुरूच होत नाही. तेव्हा पहिल्या दोन घंटांना मी थांबणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आज बऱ्याच जणांनी मुलं, सुना, जावई, नातवंडं आणली आहेत. त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तुमचे आईवडील ज्या गावात शिकले, त्या सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, आणि ते काही उगाच नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं ते इथंच, पटवर्धन सरकारांच्या आश्रयानं. 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ' लिहिणारे देवल आपल्या हरिपूरचे. 'मानापमान' आणि 'स्वयंवर'वाले खाडिलकर सांगलीचे. आपल्याला शाळेत हे सगळं पाठ होतं, कारण परीक्षेत हमखास यायचं. नाटक किती जणांनी पाहिलं होतं हा प्रश्न वेगळा.

मला नाटकाचं वेड आमच्या अण्णांमुळं लागलं. अण्णा म्हणजे माझे वडील. त्यांच्याबद्दल शाळेत मी कधीच काही बोललो नाही. फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'व्यापार' लिहायचो. ते पूर्ण खोटं नव्हतं. व्यापार होता, फक्त तो दुसऱ्याचा होता. अण्णा मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. सौद्याच्या दिवसांत घरी आले की कॉलर, कानाच्या पाळ्या, चपलांचे पट्टे, सगळं पिवळं असायचं. आई म्हणायची, "रोज हळद लागते, लग्न मात्र एकदाच झालं."

आणि रात्री, भावे नाट्यमंदिरात नाटक असेल त्या दिवशी, अण्णा तिथं डोअरकीपर असायचे. एका प्रयोगाचे तीन रुपये मिळत. महिन्यात सातआठ प्रयोग झाले तर आमच्या दोघा भावंडांची फी, वह्या आणि आजीचं औषध त्यातून निघायचं. पण नुसत्या पैशासाठी ते जात होते असं मला वाटत नाही. त्यांना गाण्याचा फार नाद होता, आणि तिकीट काढून नाटक बघणं परवडण्यासारखं नव्हतं.

डोअरकीपरचं काम सोपं वाटतं, पण त्यातही कसब आहे. अण्णा बॅटरीच्या काचेवर दोन बोटं ठेवायचे, म्हणजे उजेड लालसर आणि बारीक पडतो. तो नेहमी जमिनीवर टाकायचा, माणसाच्या तोंडावर कधीच नाही. उशिरा आलेल्याला पद चालू असताना आत सोडायचं नाही. पद संपलं, टाळ्या पडल्या, की त्या टाळ्यांच्या आडून त्याला खुर्चीपर्यंत न्यायचं. वन्समोअर मिळाला की दाराबाहेरच्यांची पंचाईत व्हायची. एकदा एक वजनदार गृहस्थ बाहेर तीन वन्समोअर होईपर्यंत उभे होते आणि अण्णांवर भडकले होते. अण्णा त्यांना म्हणाले, "साहेब, माझ्यावर रागावू नका, आतल्या गाणाऱ्यावर रागवा." ही गोष्ट ते घरी पुष्कळदा सांगायचे.

अशा माणसाला नाटक तुकड्यातुकड्यांनी दिसतं. पहिला अर्धा तास तर दिसतच नाही. लोक येतच असतात, तिकिटं फाडायची असतात. पडदा, धुपाचा वास, नांदी, सूत्रधार, हे सगळं त्यांना दाराच्या अलीकडून फक्त ऐकू यायचं. तरी घरी येऊन ते आम्हाला अख्खं नाटक सांगायचे. जिथं पाहिलेलं नसेल तिथं स्वतःच्या मनचं घालायचे. पुढं मी मूळ संहिता वाचल्या तेव्हा कळलं, की अण्णांचे काही प्रवेश लेखकाच्या प्रवेशांपेक्षा बरे होते.

आता त्या रात्रीकडं येतो. १९७९ ची दिवाळी होऊन गेली होती. आपण आठवीत होतो. मुंबईच्या एका कंपनीचं 'संगीत सौभद्र' लागलं होतं. यार्डात हळदीला भाव बरा मिळाला होता आणि मालकांनी अण्णांना दिवाळीचे थोडे जास्त पैसे दिले होते. अण्णांनी प्लॅन उघडला त्या दिवशीच सात रुपयांची चार तिकिटं काढली. पास मागितले असते तर कदाचित मिळालेही असते. पण त्यांनी विकत काढली. आजी, आई, ताई आणि मी. ते स्वतः दारावर.

चार तिकिटांचे अठ्ठावीस रुपये. आईनं दोन दिवस धुसफूस केली आणि तिसऱ्या दिवशी ट्रंकेतलं लग्नातलं लुगडं उन्हात टाकलं. आजीला कमी ऐकू यायचं. ती म्हणाली, "मला कशाला नेता? मला काय कळणार?" अण्णा म्हणाले, "तुला सगळी पदं पाठ आहेत. तोंडं हलताना बघ, बाकीचं तुझं तुला ऐकू येईल."

गावभागातून चालत निघालो. मी शाळेचाच गणवेश घातला होता, कारण न फाटलेला दुसरा शर्ट नव्हता. दारात अण्णा उभे. पांढरा शर्ट, कॉलर घासूनघासून धुतलेली, पण पिवळी ती पिवळीच. त्यांनी आमचीही तिकिटं हातात घेतली, नीट निरखली, फाडली, अर्धं परत दिलं आणि आईला म्हणाले, "या बाई, इकडून या." आई पदर तोंडाशी धरून हसली. आईला मी तसं हसताना फार वेळा पाहिलेलं नाही.

आम्ही बसलो. दुसरी घंटा झाली. तेवढ्यात आपल्या वर्गातला एक मित्र मला बघून आला. नाव घेत नाही. वडील डॉक्टर, ते सगळे पुढच्या रांगेत. तो आता स्वतः डॉक्टर आहे आणि या क्षणी तिसऱ्या रांगेत बसून 'मी तर नव्हे ना' असं तोंड करून बघतोय. तूच तो. बस, बस.

तो आल्याचा मला काय आनंद झाला! आपण दोघं एकाच नाटकाला, म्हणजे जणू बरोबरीचेच. आम्ही बोलत होतो, तेवढ्यात अण्णा आजीसाठी पाण्याचा पेला घेऊन आले. पेला दिला आणि जाताजाता माझ्या केसांवरून हात फिरवला. बॅटरी त्यांच्या काखेत होती. मित्रानं त्यांच्याकडं पाहिलं, बॅटरीकडं पाहिलं आणि मला विचारलं, "हे कोण रे?"

मी म्हणालो, "आमच्या वाड्यातले आहेत."

आवाज हळू ठेवला होता. पण ज्या माणसाचे कान दाराबाहेरून नांदी ऐकायला सरावलेले, त्याला ते ऐकू जाणारच. अण्णा अर्धवट वळले होते ते थांबले. माझ्याकडं नाही, मित्राकडं बघून म्हणाले, "हो, वाड्यातलाच." आणि मग, "तिसरी घंटा होतेय. चला, तुमच्या जागेवर सोडतो." काचेवर दोन बोटं ठेवून, जमिनीवर उजेड टाकत, त्यांनी याला पुढच्या रांगेपर्यंत नेऊन सोडलं.

पडदा उघडला. ज्यांनी 'सौभद्र' पाहिलं नाही त्यांच्यासाठी कथा एवढीच. सुभद्रेचं मन अर्जुनावर, आणि बलरामदादांनी तिला दुर्योधनाला द्यायचं ठरवलेलं. अर्जुन संन्याशाचा वेष घेतो आणि द्वारकेत येऊन बसतो. बलराम भाबडेपणानं त्या संन्याशाच्या सेवेला सुभद्रेलाच नेमतात. ती रोज समोर असते आणि आपलाच माणूस तिला ओळखू येत नाही. सगळं ठाऊक असतं ते एकट्या कृष्णाला. पण तो काही माहीत नसल्यासारखा वावरत असतो. १८८२ साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी हे रंगभूमीवर आणलं. मूळ नाटकात शंभराच्या वर पदं. ती सगळी म्हणायची तर पहाट व्हायची, म्हणून आता निवडून घेतात.

पहिल्या अंकातलं मला फारसं आठवत नाही. मी मान वळवून दाराकडं बघत होतो. दाराच्या पडद्यातून पांढऱ्या शर्टाची एक बाही अधूनमधून दिसायची.

मध्यंतरात अण्णा आले. वर्तमानपत्रात बांधलेले बटाटेवडे. मित्र पुन्हा माझ्याशी बोलायला येऊन उभा होता. अण्णांनी पुडा उघडला. पाच वडे होते. चौघांना चार दिले आणि पाचवा याच्यापुढं धरला. "घ्या छोटे डॉक्टर." हा म्हणाला, "थँक यू काका." खाल्लाही. अण्णा पुन्हा दारावर गेले. पाचवा वडा कुणाचा होता हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. मी काही बोललो नाही.

रात्री एक-दीडच्या सुमाराला घरी निघालो. ताई पेंगुळली होती, अण्णांनी तिला खांद्यावर घेतलं. आजी पुढं, स्वतःशीच पुटपुटत, बहुतेक पदं म्हणत. रस्त्यात अण्णांनी मला एकच विचारलं, "कृष्णाचं काम कसं वाटलं?" मी म्हटलं, "चांगलं." ते म्हणाले, "मला सलग बघायला मिळालं नाही. एक बाई लहान बाळाला घेऊन सारख्या बाहेर येत होत्या." पुढं घरापर्यंत ते गुणगुणत होते.

मला वाटलं, सुटलो. त्यांना ऐकू गेलं नसावं. किंवा गेलं असलं तरी विसरले असतील.

इथं बाईंची माफी मागायची आहे. बाई, तुम्हाला आठवत असेल-नसेल. त्याच आठवड्यात तुम्ही निबंध दिला होता, 'मी पाहिलेले नाटक'. मी तीन पानं लिहिली. त्यात लिहिलं होतं, 'माझे वडील माझ्या शेजारी बसून मला प्रत्येक पदाचा अर्थ समजावून सांगत होते.' तुम्ही तो निबंध वर्गात वाचून दाखवलात. दहापैकी नऊ गुण दिलेत. आणि खाली लाल शाईत एक ओळ लिहिलीत : 'वडिलांबद्दल आणखी लिहायला हवे होते.'

मला कित्येक वर्षं ती ओळ भाषेबद्दलची सूचना वाटत होती. खूप उशिरा डोक्यात उजेड पडला, की बाई तर भाव्यांमधलं एकही संगीत नाटक चुकवत नसत. म्हणजे दर वेळी तिकीट कुणाच्या हातात देत होत्या? बाई, तुम्हाला माहीत होतं. तुम्ही वर्गात वाचताना ते वाक्यही तसंच वाचलंत, जराही न अडखळता.

पुढचं भराभर सांगतो. दहावी झाली, तुम्ही कोण कुठं, मी पुण्याला. नोकरी, लग्न, मुलगी. अण्णा २००७ साली गेले. त्या रात्रीबद्दल आम्ही कधीही बोललो नाही. मी नाटकं बघत राहिलो. पुण्यात एकही संगीत नाटक सोडलं नाही म्हटलं तरी चालेल. बायको म्हणते, हा मनुष्य गाणं ऐकायला जात नाही, दार बघायला जातो. तिला मी कारण सांगितलं नव्हतं, पण तिनं पाहिलं होतं, की डोअरकीपरला मी दर वेळी नमस्कार करतो.

गेल्या वर्षी बालगंधर्वला 'सौभद्र' होतं. मी सगळ्यांना नेलं. आई, बायको, मुलगी, जावई आणि सात वर्षांची नात. आई आता ब्याऐंशीची. गुडघे गेलेत, पण जीभ आणि डोळे शाबूत. लिफ्ट नाही, पायऱ्या आहेत म्हणून जावयानं आधीच दोनदा विचारलं होतं, "नक्की न्यायचं का आजींना?" आजी त्याच्या आधी तयार होऊन चपला घालून बसल्या होत्या.

नातीचे प्रश्न पहिल्या पदापासून सुरू झाले. "आजोबा, ते गाणं का म्हणतायत? सरळ सांगत का नाहीत?" मी म्हटलं, सरळ सांगितलं तर नाटक दहा मिनिटांत संपेल. "मग चांगलंच की." जावई हसला, कारण तोही घड्याळ बघत होता. आईचे शेरे वेगळेच. "सुभद्रेचं नऊवारी नीट नेसवलेलं नाही." "ही पेटी पोटातून वाजत नाही." पण कृष्ण गायला लागला आणि आईनं नातीचा हात धरला आणि सोडला नाही. ओठ हलत होते. मला आजी आठवली.

मध्यंतरात बाकीचे वडे आणायला गेले. मी आणि आई खुर्चीतच. आई एकदम म्हणाली, "ह्यांनी नांदी कधी पाहिली नाही रे. ऐकली फक्त." मी हो म्हटलं. मग ती म्हणाली, "आणि मागं गेल्यावर तर काहीच नाही."

मी विचारलं, "मागं म्हणजे?"

तुमच्यापैकी ज्यांना भावे नाट्यमंदिर आठवतं त्यांना माहीत असेल, रंगपटाकडं जायचं दार प्रेक्षकांच्या वाटेला लागत नाही. कंपनीचे पेटारे तिथून आत जातात. तिथं एक माणूस बसलेला असतो. नटांना बघायला येणारी पोरं हाकलायची, चहाची किटली आत न्यायची. अण्णा पुढं बरीच वर्षं त्या दारावर होते, हे मला माहीत होतं. मला वाटायचं, बदली झाली असेल. वय झालं, उभं राहवत नसेल.

आई म्हणाली, "बदली कसली? आपणहून मागून घेतली. त्या सौभद्राच्या दुसऱ्या दिवशी. मॅनेजरला म्हणाले, पुढच्या दारावर पोराच्या शाळेतले लोक येतात. त्याला अवघड होतं."

तिथून रंगमंच दिसत नाही. ऑर्गन ऐकू येतो, पदं ऐकू येतात, टाळ्या ऐकू येतात. अण्णा त्या दिवसानंतर आम्हाला नाटकं सांगायचे तेव्हा त्यात न पाहिलेला भाग बराच वाढला होता. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं. मला वाटायचं, अण्णांची गोष्ट सांगायची हातोटी सुधारली.

मी आईला विचारलं, "चिडले होते का माझ्यावर?"

"छे. हसत होते. म्हणाले, पोरगं हुशार आहे, पटकन सुचलं त्याला."

मंडळी, मध्यंतरानंतर मी खुर्चीत बसलो नाही. मागं दाराशी जाऊन उभा राहिलो. तिथला डोअरकीपर विशीतला पोरगा, मोबाइलची बॅटरी लावून लोकांना जागा दाखवत होता. म्हणाला, "काका, बसा ना, तुमची खुर्ची रिकामी आहे." मी म्हटलं, असू दे. त्याला एवढंच सांगितलं, की काचेवर दोन बोटं ठेव, डोळ्यावर येत नाही. त्यानं ठेवून बघितली. मोबाइलचा उजेड बोटांतून लालच पडतो.

घरी जाताना गाडीत नातीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही मागं का उभे होता? तिकीट नव्हतं का तुमच्याकडं?" तिला मी अण्णांची गोष्ट सांगितली. घरच्यांनीही ती त्याच गाडीत पहिल्यांदा ऐकली. स्वारगेट येईपर्यंत कुणी बोललं नाही. मग जावई म्हणाला, पुढचं नाटक कधी आहे?

या स्मरणिकेसाठी आपण सगळ्यांनी एक माहितीचा फॉर्म भरला. त्यात पुन्हा तो रकाना होता, आईवडिलांची माहिती. मी लिहिलं : 'वडील : हळदीच्या अडतीत दिवाणजी, आणि रात्री भावे नाट्यमंदिरात डोअरकीपर.' संपादकांचा फोन आला. फार चांगल्या भावनेनं विचारत होते, "असंच छापायचं ना?" असंच छापा म्हटलं.

घंटा वाजली. तिसरी आहे, ऐकली मी. तिसऱ्या रांगेतल्या डॉक्टरांना एकच सांगून थांबतो. मित्रा, ते आमच्या वाड्यातले गृहस्थ नव्हते. ते माझे वडील होते. आणि तो जो वडा तू खाल्लास ना, तो त्यांनी स्वतःसाठी आणला होता.